बारावीचे फोटो किनाऱ्यावर काढायचे तर आधी पंचांग, मग कपाट

निरोप समारंभाला साडी कुठली नेसायची, ब्लेझर कुणाचा मागून आणायचा, यावर घराघरात पंधरा दिवस खल चालतो. फोटो किती वाजता काढायचा आणि उभं कुठे तोंड करून राहायचं, यावर मात्र पाच मिनिटंही जात नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर फोटो बिघडतात ते बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीमुळे. साडी साधी असली तरी चालते. ऊन चुकलं की पैठणीही काळी दिसते.

अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षाचे फोटो शाळेच्या वार्षिक पुस्तकात छापायचे असतात. म्हणून ते बरेचदा वर्ष सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यातच काढून ठेवतात. आपल्याकडे असं बंधन नाही, पण बोर्डाचं वेळापत्रक आहे. लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास, त्याआधी प्रॅक्टिकल. त्यामुळे सोयीचा काळ उरतो तो डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य, आणि सुदैवाने हवेच्या दृष्टीनेही तोच सगळ्यात चांगला. आभाळ स्वच्छ, घाम कमी. फक्त नाताळ ते एक जानेवारी हा आठवडा सोडा, कारण मागे पर्यटक, उंट आणि स्कूटर नसलेला कोपरा तेव्हा सापडत नाही. ‘परीक्षा होऊन जाऊ दे, मे महिन्यात काढू’ म्हणणाऱ्यांनी दमट हवा, धुरकट क्षितिज आणि दहा मिनिटांत ओघळणारी पावडर गृहीत धरावी. हिरवागार सडा (जांभ्या दगडाचं पठार) मागे हवा असेल तर तो ऑगस्ट-सप्टेंबरात मिळतो; जानेवारीत तिथे वाळलेलं गवत असतं. तेही तिरप्या उन्हात सोनेरी दिसतं, पण ते बघून ठरवा.

सकाळ की संध्याकाळ

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सूर्य गावामागच्या डोंगरावरून उगवतो आणि समुद्रात बुडतो. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली की अर्धं काम झालं.

संध्याकाळी समुद्राला पाठ करून उभं राहिलं की सूर्य पाठीमागे जातो. समुद्र चमकतो, चेहरा काळा पडतो. कॅमेऱ्याने चेहरा उजळवला तर मागचं आभाळ पांढरंफटक होतं. दोन्ही एकदम हवं असेल तर फ्लॅश किंवा रिफ्लेक्टर (उजेड चेहऱ्यावर परतवणारा पडदा) लागतो. सकाळी नेमकं उलटं. ऊन जमिनीच्या बाजूने येतं, म्हणजे समुद्राला पाठ करून उभं राहिलेल्या माणसाच्या थेट तोंडावर. मागे निळं पाणी, पुढे उजळ चेहरा, आणि रिफ्लेक्टरची गरज नाही. तरीही दहातले नऊजण संध्याकाळच मागतात, कारण सगळ्यांना सूर्यास्त हवा असतो. सूर्यास्ताचा एकच फोटो हवा असतो, बाकीचे चाळीस चेहऱ्याचे; मग त्या एकासाठी चाळीस का बिघडवायचे?

दुसरं कारण वाऱ्याचं. दुपारपासून खारे वारे सुटतात आणि चार-पाचला जोरात असतात. तेव्हा केस, पदर, ओढणी काहीच जागेवर राहत नाही. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई वारा मंद असतो आणि पाणीही शांत.

वेळा धरायच्या त्या अशा. रत्नागिरीच्या आसपास या दिवसांत सूर्य 7 ते 7.15 च्या दरम्यान उगवतो, पण डोंगर आणि माडांमुळे वाळूवर ऊन पडायला आणखी अर्धा-पाऊण तास लागतो. तो ऊन पडण्याआधीचा वेळ वाया घालवू नका. तेव्हाचा उजेड सगळीकडून सारखा आणि मऊ असतो. चेहऱ्यावर पुटकुळ्या असतील तर जवळचे फोटो त्याच वेळेत घ्या. ऊन आल्यावर साधारण तासभर ते तिरपं असतं, तेव्हा उभे, पूर्ण उंचीचे फोटो. साडेनऊनंतर डोळ्यांखाली सावल्या पडू लागतात आणि मुलं डोळे बारीक करतात. तिथे थांबायचं. संध्याकाळच हवी असेल तर पाचला सुरुवात करा. सूर्य डिसेंबरअखेर 6.10 च्या आसपास आणि जानेवारीच्या मध्याला 6.20 च्या आसपास बुडतो. समुद्राकडे तोंड करून आणि मागे सुरूचं बन किंवा माड घेऊन फोटो काढले तर संध्याकाळचं ऊनही चेहऱ्यावर सुंदर पडतं. फक्त मागे समुद्र दिसणार नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पाणी कुठे असेल

ओहोटीला ओल्या, सपाट वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्यावर आभाळाचं प्रतिबिंब दिसतं आणि जागाही भरपूर मिळते. भरतीला तोच किनारा दहा पावलांचा होतो, आणि ती दहा पावलंही कचऱ्याच्या रेषेवरची.

हिशेब सोपा आहे आणि किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या तोंडी असतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला 4 ची पाऊणपट 3, म्हणजे पहाटे आणि दुपारी 3 च्या सुमारास भरती. अष्टमीला 6. पौर्णिमेला आणि अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा ते बारा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच गणित. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. नक्की वेळ मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्या.

आता हे फोटोच्या वेळेला लावा. सकाळी आठ-नऊला पाणी लांब हवं असेल तर द्वितीया ते चतुर्थी. संध्याकाळी सहाला हवं असेल तर पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्या आदला-दुसरा दिवस. तेव्हा उधाण असतं, म्हणजे भरती जशी मोठी तशी ओहोटीही खूप आत जाते. दशमी-एकादशीची सकाळ आणि सप्तमी-अष्टमीची संध्याकाळ टाळा. त्या भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी फार चढत नाही, पण पट्टा अरुंदच राहतो.

खडकावर फोटो काढणार असाल तर पाणी ओसरत असतानाच जा, चढत असताना नको. हिरवं शेवाळ दिसलं की तिथे पाय टाकायचा नाही, आणि फोटो काढणाऱ्याखेरीज एका माणसाने फक्त लाटांकडे बघत उभं राहायचं. समुद्राला पाठ करून उभ्या असलेल्याला मोठी लाट दिसत नाही, आणि कॅमेऱ्याला डोळा लावलेल्यालाही.

जागा आणि तिचा रंग

जागा निवडताना मागे काय दिसतं एवढंच बघतात. खाली आणि बाजूला काय आहे, ते चेहऱ्यावर उतरतं. जांभ्याच्या चिऱ्यांच्या गडग्यापाशी (कुंपणाच्या बुटक्या भिंतीपाशी) उन्हात उभं राहिलं तर हनुवटीखाली तांबूस झाक येते. सावळ्या आणि गव्हाळ रंगाला ती शोभते. माडा-पोफळीच्या दाट बागेत उजेड पानांतून गाळून येतो आणि चेहरा हिरवट, आजारी दिसतो. पांढरा शर्ट तर हमखास हिरवा होतो. बाग हवीच असेल तर बागेच्या कडेला, जिथून उघडं आभाळ दिसतं तिथे उभं राहा आणि झाडं मागे ठेवा. पानांतून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर आले की तो फोटो एडिटिंगमध्येही सुधारत नाही.

वाळूचंही तसंच. तारकर्लीची वाळू पांढुरकी. तिथे मोबाइल फसतो, सगळं जास्त उजळ आहे समजून फोटो अंधारा करतो. रत्नागिरीच्या मांडवीची काळसर. तिथे उलट चेहरा जास्त उजळतो. दोन्हीकडे चेहऱ्यावर बोट दाबून उजेड हाताने कमी-जास्त करायचा.

हापूसच्या कलमांखाली फोटो काढायची हौस अनेकांना असते. डिसेंबर-जानेवारी हे मोहोराचे आणि फवारणीचे दिवस. बागवाल्याला ‘फवारणी कधी झाली?’ हे विचारल्याशिवाय आत जाऊ नका, आणि मोहोराची डहाळी ओढून नाकाशी धरण्याची पोझ तर नकोच. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर वाळत घातलेली जाळी, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या छान दिसतात, पण ते कुणाच्या तरी पोटापाण्याचं सामान आहे. विचारायचं, आणि चपला घालून होडीत चढायचं नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा हे संरक्षित किल्ले आहेत. तिपाई, लाइट, कपड्यांच्या बॅगा घेऊन जायचं असेल तर परवानगीची चौकशी आधी करा. अलिबागहून कुलाब्याला ओहोटीला चालत जाता येतं, तेव्हा परतीची वेळही वरच्याच गणिताने ठरवा.

कुठलीही जागा आदल्या दिवशी त्याच वेळेला जाऊन बघा. विजेची तार, कचऱ्याचा ढीग, नवीन बांधलेला संडास हे सगळं गुगलवरच्या फोटोत दिसत नाही.

चेहरा आणि केस

केस कापायचे ते आठ-दहा दिवस आधी. ताज्या कटिंगला कानामागे पांढरी रेघ दिसते. आयब्रो तीन-चार दिवस आधी, म्हणजे लाली उतरते. फेशियल, ब्लीच, नवीन क्रीम पहिल्यांदाच लावून बघायची ही वेळ नव्हे. अंगावर पुरळ उठलं तर ते जायला आठवडा जातो. पुटकुळी फोडू नका. ती एडिटिंगमध्ये एका मिनिटात जाते, फोडून झालेली खपली जात नाही. मुलांनी मिसरूड काढायचं असेल तर आदल्या रात्री. अगदी पहिल्यांदाच वस्तरा लावणार असाल तर आठवडाभर आधी एकदा करून बघा.

खोबरेल ही आपली सवय, पण फोटोच्या दिवशी तेल लावलेलं डोकं चपटं दिसतं आणि भांग उन्हात चमकतो. आदल्या दिवशी केस धुवा. त्याच दिवशी सकाळी धुतलेले केस भुरभुरतात, वाऱ्यात आवरत नाहीत. ओठांना आठवडाभर रात्री व्हॅसलीन.

मेकअप कमी. समुद्रावर चेहऱ्याला ओल सुटते, आणि जाड थर नाकाच्या बाजूने फाटतो. टिश्यूने टिपून मग पावडर. पुसायचं नाही, टिपायचं. झिंक किंवा टायटॅनियम असलेलं सनस्क्रीन फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर पांढरं उमटतं, म्हणून फ्लॅश वापरणार असाल तर ते टाळा किंवा आधी एक फोटो काढून तपासा. मानेचा आणि चेहऱ्याचा रंग एक ठेवा. पार्लरवाल्या ताई हौसेने दोन छटा उजळ लावतात. घरच्या पिवळ्या दिव्याखाली ते खपून जातं, सकाळच्या उन्हात मुखवटा दिसतो.

चष्मा नेहमी असेल तर फोटोतही असू दे. उन्हात काळी होणारी काच मात्र त्रास देते. जुना साध्या काचांचा चष्मा असला तर तो आणा. काचेवर आभाळ चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काच खाली झुकते आणि चमक जाते.

कपडे

बारीक चौकड्या आणि बारीक रेघांचा शर्ट नको, कॅमेऱ्यात त्यावर लाटा-लाटा उमटतात. छातीवर मोठी अक्षरं नकोत. मागे निळा समुद्र असेल तर निळा कपडा विरून जातो. मोहरी, आमसुली, विटकरी उठून दिसतात. पांढरा शुभ्र कपडा तिरप्या उन्हात ठीक, नऊनंतर डोळ्यात जातो. त्यापेक्षा मोतिया बरा. मागून आणलेला ब्लेझर खांद्याला बसतो का ते आठ दिवस आधी घालून बघा. बाही लांब असेल तर आतून टाचता येते, खांदा उतरला तर काही करता येत नाही.

एक जोड शाळेच्या किंवा कॉलेजच्या गणवेशाचा ठेवाच. तेव्हा नको वाटतो. नंतर तोच फोटो घरात लागतो.

साडीचं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक मुली आयुष्यात दुसऱ्या-तिसऱ्यांदाच ती नेसत असतात. आईची किंवा आजीची जरीची साडी किनाऱ्यावर नेऊ नका. खारं पाणी जरीला काळं करतं आणि वाळू काठात बसते. ती घराच्या ओटीवर, तुळशीपाशी नेसून फोटो काढा आणि किनाऱ्यावर साधी सुती किंवा जॉर्जेटची न्या. सुती साडीची ओली कड पाणी वर ओढत जाते आणि वीतभर काळा पट्टा दिसतो, म्हणून पाण्यातले फोटो सगळ्यात शेवटी. फॉल-पिको आणि ब्लाऊजचं फिटिंग दोन आठवडे आधी. ब्लाऊज घालून दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा, शिवण तिथेच उसवते. वाळूवर अनवाणीच चालायचं असतं, तेव्हा साडी नेहमीपेक्षा दोन बोटं वर नेसा. हाय हील रुततात आणि चाल बिघडते.

पदर पिनअप करताना सेफ्टी पिनेत आधी एक मणी ओवा आणि मग ती कापडात घाला. त्यामुळे कापड पिनेच्या गोल टोकात अडकून फाटत नाही. खांद्यावर एक, निऱ्या खोचतात तिथे एक, कमरेशी पदराला एक. वारा असेल तर पदराच्या निऱ्यांना छातीच्या खाली आतून आणखी एक. साडी नेसून घरात तासभर वावरा, जिना चढा-उतरा, बसा-उठा. जे सुटायचं ते घरीच सुटू दे.

गजरा निघायच्या वेळी माळा, रात्री नको. जानेवारीत अबोली आणि शेवंती सहज मिळतात. अबोलीला वास नसला तरी फोटोत तिच्यासारखं रंगाने उठून दिसणारं फूल नाही. सुरंगीच्या फुलांचा वळेसर (गजरा) हवा असेल तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबावं लागेल.

पिशवीत काय

सेफ्टी पिना वीस, बॉबपिना डझनभर, कंगवा, हातातला आरसा, टिश्यू, व्हॅसलीन, जुना टॉवेल, पाय धुवायला दोन लिटर पाणी, आडोशाला एक मोठी चादर. ती चादर पांढरी असेल तर रिफ्लेक्टरचं कामही करते: चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूला दोघांनी ताणून धरायची, चार-पाच फुटांवर. वाऱ्यात विकतचा गोल रिफ्लेक्टर पतंगासारखा उडतो, चादर उडत नाही. खाऊन निघा. उपाशी चेहरा तासाभरात ओढल्यासारखा दिसतो. सोलकढी मात्र कपडे बदलल्यावरच.

कॅमेरा थंड एसी खोलीतून किंवा गाडीतून एकदम बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते. बंद बॅगेतच वीस मिनिटं बाहेरच्या हवेला ठेवा आणि मग उघडा. वाळूवर लेन्स बदलू नका. अर्ध्या तासाने लेन्सची काच बघा. खाऱ्या तुषारांचा पातळ पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, फोटो मात्र धुरकट होतात. आधी फुंकणीने वाळू उडवायची, मगच कपड्याने पुसायचं, नाहीतर काचेवर चरे पडतात.

उभं राहणं

वजन मागच्या पायावर, खांदे कॅमेऱ्याला थोडे तिरके, चेहरा कॅमेऱ्याकडे. हनुवटी आधी पुढे आणि मग किंचित खाली. करताना कासव झाल्यासारखं वाटतं, फोटोत जबडा स्वच्छ दिसतो. दंड अंगाला चिकटवून ठेवला तर तो दुप्पट दिसतो, बोटभर अंतर सोडा. वारा तोंडावर तिरका येईल असं उभं राहा, म्हणजे केस मागे जातात. डोळे मिटत असतील तर मिटूनच घ्या, तीन म्हटलं की उघडा.

हात काय करायचे हे कुणालाच कळत नाही. म्हणून हातात तुमचं काहीतरी द्या: बॅट, पखवाज, सायकलचं हँडल, प्रॅक्टिकलचा पांढरा कोट. बाजारातला ‘2026’ लिहिलेला फुगा आणण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पहिली दहा मिनिटं सगळ्यांचेच चेहरे ताठ येतात. ते फोटो फुकट जाणार हे धरूनच सुरुवात करा, आणि मामा-काकांची गर्दी त्या वेळी पन्नास पावलं लांब ठेवा. आजीबरोबरचा फोटो मात्र सुरुवातीलाच उरका, त्यांना वाळूत फार वेळ उभं ठेवायचं नाही.

मोबाइलवर काढत असाल तर लेन्स पुसा, वाइड सोडून दुप्पट झूमवर या आणि स्वतः मागे सरका. जवळून वाइडवर काढलं की नाक मोठं दिसतं. पोर्ट्रेट मोड भुरभुरत्या केसांची आणि गजऱ्याची कड खातो, म्हणून प्रत्येक पोझचा एक फोटो साध्या मोडवरही घ्या. कॅमेरा असेल तर 85 मिलिमीटरच्या आसपासची लेन्स आणि वाऱ्यात शटर 1/250 च्या खाली नको.

फोटोग्राफरशी आधी बोलायचं

किती जोड कपडे, किती फोटो एडिट करून मिळणार, बाकीचे मूळ फोटो मिळणार की नाही, किती दिवसांत, आणि पाऊस-ढग आले तर दुसरी तारीख विनाशुल्क का, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आणि एक वाक्य नक्की लिहा: रंग उजळवायचा नाही. गालावरचा तीळ, भुवईवरची खूण ठेवायची की काढायची हेही तुम्हीच सांगा. न सांगता दिलं तर अजूनही अनेक ठिकाणी मुलगी दोन छटा गोरी होऊन परत येते आणि घरचे म्हणतात, ‘ही कोण?’

त्याच दिवशी, केस-कपडे नीट असतानाच, पांढऱ्या भिंतीपुढे अर्जासाठीचे फोटोही काढून घ्या. पुढच्या चार महिन्यांत सीईटी, नीट, प्रवेश असे अर्ज लागोपाठ येतात. नीटच्या अर्जाला पांढरी पार्श्वभूमी, साधारण 80 टक्के चेहरा आणि दोन्ही कान दिसणं लागत आलं आहे, आणि पासपोर्ट आकाराबरोबर 4 बाय 6 इंचाचाही. त्या वर्षाचं माहितीपत्रक पाहून माप पक्कं करा. गजरा, गॉगल त्या वेळी काढून ठेवा, केस कानामागे.

फोटो हातात घेताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले घेऊ नका, ते दाबून लहान केलेले असतात. डॉक्युमेंट म्हणून किंवा पेनड्राइव्हवर घ्या. 8 बाय 12 इंचाची चांगली प्रिंट हवी तर फाइल किमान 2400 बाय 3600 पिक्सेलची लागते. फ्रेम 8 बाय 10 ची आणली असेल तर लांबीचे दोन इंच कापले जाणार. डोक्यावर आणि पायाशी मोकळी जागा सोडलेला फोटोच त्यासाठी निवडा.